ज्युलियस वोल्फ : हाड कधी टिकतं आणि कधी विरघळतं, याचा नियम मांडणारा डॉक्टर



तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये एखादं अ‍ॅप कित्येक महिने उघडलंच नाही आणि स्टोरेज कमी पडायला लागलं, तर प्ले स्टोअर ते अ‍ॅप आर्काइव्ह करू शकतं. सेटिंग चालू असेल तर तुम्हाला विचारतही नाही. आयकॉन जागेवर राहतो, पण आतला बराचसा माल काढून टाकलेला असतो. वापर नाही, तर जागाही नाही, असा साधा हिशोब.

आपल्या शरीरातलं हाडही असाच हिशोब ठेवतं. ज्या हाडावर भार येतो ते जाड आणि मजबूत होतं. ज्याच्यावर भार येत नाही ते हळूहळू विरघळायला लागतं. हा हिशोब पहिल्यांदा नियम म्हणून मांडला तो बर्लिनच्या एका डॉक्टरने, १८९२ साली. त्याचं नाव ज्युलियस वोल्फ. मेडिकल किंवा डेंटलला असलेल्या कोणत्याही मित्राला विचारा, वोल्फचा नियम त्याला परीक्षेसाठी पाठ करावा लागलेला असतो. पण नियमामागचा माणूस कोण होता, हे फारसं कोणी सांगत नाही.

आज आपण त्याची गोष्ट बघू. सोबत हेही बघू की दाताच्या इम्प्लांटसाठी सायनस लिफ्ट नावाचं ऑपरेशन करतात, त्यात भरलेलं हाड टिकतं का, किती टिकतं आणि कशामुळे टिकतं. या दोन गोष्टी एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत.

मी या विषयात कसा शिरलो

मी म्हसावदचा. शहादा तालुका, जिल्हा नंदुरबार, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी डॉक्टर नाही, टेक्नॉलॉजीवर लिहिणारा माणूस आहे. माझ्या मामांच्या वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा बऱ्याच वर्षांपूर्वी काढल्या होत्या. त्यानंतर ते डाव्या बाजूनेच चावत राहिले. शेवटी इम्प्लांट बसवायचं ठरलं, शहरात जाऊन स्कॅन केला, तर डॉक्टरांनी सांगितलं की इम्प्लांट धरायला वरती फक्त ३ मिलिमीटर हाड शिल्लक आहे. आधी हाड भरावं लागेल, मग कित्येक महिने थांबावं लागेल, आणि त्यानंतर दात.

त्याच आठवड्यात मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या ठिकाणची जाहिरात आली. तिथे काही दिवसांत पक्के दात मिळणार होते. मामांनी मला फोन करून विचारलं की यातलं खरं काय? पैसे त्यांच्या कापसाचे होते. त्यामुळे उत्तर अंदाजाने देऊन चालणार नव्हतं. वाचायला बसलो आणि वाचता वाचता दीडशे वर्षं मागे, बर्लिनला जाऊन पोहोचलो.

छोट्या गावातून बर्लिनला

ज्युलियस वोल्फचा जन्म २१ मार्च १८३६ चा. गाव मार्किश फ्रीडलंड, तेव्हाच्या पश्चिम प्रशियातलं. आज हा भाग पोलंडमध्ये आहे. घर ज्यू कुटुंबाचं. वैद्यकीय शिक्षणासाठी तो बर्लिनला गेला आणि तिथे त्याला शिक्षक भेटले बर्नहार्ड फॉन लांगेनबेक. लांगेनबेक म्हणजे त्या काळातले युरोपातले अत्यंत नावाजलेले सर्जन.

लांगेनबेक यांच्या हाताखाली वोल्फने डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला, तो १८६० साली. विषय काय होता बघा: प्राण्यांच्या शरीरात कृत्रिम रीतीने हाड तयार करता येतं का? म्हणजे आज ज्याला आपण बोन ग्राफ्ट म्हणतो, त्याच प्रश्नापासून या माणसाची सुरुवात झाली. १८६३ साली त्याने हाडाच्या प्लास्टिक सर्जरीवर एक मोठा लेखही लिहिला. एका ठिकाणचं हाड किंवा हाडावरचं आवरण दुसरीकडे लावलं तर तिथे काय घडतं, या प्रश्नाचा पिच्छा त्याने वयाच्या पंचविशीतच धरला होता.

तो काळही लक्षात घ्या. एक्स-रे नव्हता. १८६० मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियाही नव्हती, जोसेफ लिस्टरचं त्यावरचं काम १८६७ साली छापून आलं. हाड आत कसं बदलतं हे जिवंत माणसात बघण्याचा कोणताच मार्ग नव्हता. तुटलेलं हाड चुकीच्या कोनात जुळलं, माणूस तसाच चालत राहिला, पुढे कधीतरी वारला आणि त्याचं हाड अभ्यासासाठी मिळालं, तरच आत डोकावता यायचं.

वोल्फने बर्लिनमध्ये प्रॅक्टिस सुरू केली. मधल्या काळात प्रशियाची तीन युद्धं झाली, १८६४, १८६६ आणि १८७०-७१ ची. तिन्हींमध्ये त्याने डॉक्टर म्हणून काम केलं. गोळ्यांनी आणि तोफांनी मोडलेली हाडं त्याने किती पाहिली असतील, याची कल्पना करा.

हाड आणि क्रेन

आता गोष्टीत एक इंजिनिअर येतो.

१८६६ च्या सुमारास झुरिचमध्ये हर्मन फॉन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक हाडांचे उभे काप दाखवत होते. हाड बाहेरून भरीव दिसतं, पण टोकांच्या आत ते जाळीदार असतं. स्पंजसारखं म्हणा, किंवा मोबाइल टॉवरच्या सांगाड्यासारखं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला या जाळीच्या बारीक पट्ट्या कमानीसारख्या वळलेल्या होत्या.

कार्ल कुलमन हे झुरिचच्या पॉलिटेक्निकमधले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. पूल आणि क्रेन यांच्यावर कुठे किती ताण येतो, हे कागदावर रेघा मारून काढण्याची पद्धत त्यांनी विकसित केली होती. मायर यांचे काप पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या रेघा ओळखीच्या आहेत. वाकड्या मानेच्या क्रेनवर वजन टांगलं तर ताण आणि दाब ज्या रेघांवरून जातात, तशाच रेघांवर मांडीच्या हाडातल्या पट्ट्या बसलेल्या होत्या. मायर यांनी हे १८६७ साली छापलं. जाता जाता सांगतो, याच कुलमन यांचा विद्यार्थी मॉरिस केशलाँ याने पुढे आयफेल टॉवरचं पहिलं रेखाटन केलं. कमी लोखंडात जास्त भार पेलायचा, ही विद्या हाडाला आधीपासून येत होती.

वोल्फने हे वाचलं आणि पुढचं पाऊल टाकलं. मायर यांनी निरोगी हाड पाहिलं होतं. वोल्फने विचारलं, भार बदलला तर काय होतं? वाकडं जुळलेलं हाड, कायमचा आखडलेला सांधा, मुडदुसाने वाकलेला पाय, अशी हाडं त्याने जमवली. त्यांचे पातळ काप काढले आणि आतल्या जाळीचा अभ्यास केला.

त्याला दिसलं ते असं. हाड वाकडं जुळल्यावर वजन नव्या वाटेने जायला लागतं, आणि काही काळाने आतली जाळीही नव्या वाटेवर पुन्हा बांधली जाते. जुन्या वाटेवरच्या पट्ट्या, ज्यांना आता काम उरलेलं नाही, त्या नाहीशा होतात. म्हणजे हाड हे एकदा ओतलेलं सिमेंट नाही. ते सतत चालू असलेलं बांधकाम आहे, आणि नकाशा भारानुसार बदलतो.

१८७० साली त्याने यावर पहिला मोठा लेख छापला. त्यानंतर तब्बल बावीस वर्षं तो याच विषयाला धरून राहिला. १८९२ साली बर्लिनमध्ये त्याचं पुस्तक आलं, हाडांच्या रूपांतराचा नियम या अर्थाच्या नावाचं. इंग्रजीत या पुस्तकाचा अनुवाद व्हायला १९८६ साल उजाडावं लागलं.

बाकडावरचा डॉक्टर

वोल्फ फक्त पुस्तकी माणूस नव्हता. १८९० मध्ये बर्लिन विद्यापीठाचा ऑर्थोपेडिक बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला, त्याचा तो प्रमुख झाला. वय होतं ५४. तिथे जन्मतः पाय आत वळलेली मुलं यायची. वोल्फ त्यांचे पाय एका झटक्यात सरळ करायचा नाही. प्लास्टर टप्प्याटप्प्याने बदलत जायचा, प्रत्येक टप्प्यात पाय थोडा अजून सरळ. त्याचा विश्वास असा की पायावर भार योग्य दिशेने पडायला लागला की आतलं हाड आपोआप त्या भाराला शोभेल असं घडत जाईल.

यात जबरदस्ती नाही आणि घाईही नाही. हाडाला योग्य भार द्या, आणि वेळ द्या. आपल्या दाढेच्या प्रश्नाचं उत्तरही याच्यातच आहे.

पण वोल्फचं सगळंच बरोबर होतं असं नाही. जाळीच्या पट्ट्या एकमेकींना कायम काटकोनात छेदतात आणि सगळं गणिताच्या अचूक सूत्रात बसतं, असं त्याचं म्हणणं होतं. खऱ्या हाडात हे इतकं काटेकोर नसतं. हाड आतून फुगल्यासारखं वाढतं यावरही तो अडून राहिला. प्रत्यक्षात हाड पृष्ठभागावर थर चढून आणि थर उतरून बदलतं. वापरानुसार अवयव स्वतःला जुळवून घेतो, हा विचार त्याच काळात विल्हेल्म रू नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने जास्त स्पष्टपणे मांडला. तरीही मूळ गोष्ट उभी राहिली आणि नियमाला नाव वोल्फचंच पडलं.

पुस्तकानंतर तीन वर्षांनी, १८९५ मध्ये, राँटगेनने एक्स-रे शोधला आणि जिवंत माणसाच्या हाडात बघता यायला लागलं. वोल्फच्या हातात वेळ मात्र थोडाच होता. १८ फेब्रुवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता.

हाडाला भार कळतो कसा?

वोल्फला नियम दिसला होता, यंत्रणा दिसली नव्हती. ती आज आपल्याला बरीच माहीत आहे.

हाडात तीन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या. एक बांधणाऱ्या, म्हणजे गवंडी समजा. दुसऱ्या जुनं हाड विरघळवणाऱ्या, म्हणजे पाडकाम करणाऱ्या. आणि तिसऱ्या हाडाच्या आत अडकून बसलेल्या, ज्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या दहापैकी नऊहून जास्त पेशी या तिसऱ्या प्रकारच्या असतात. त्या बारीक तंतूंनी एकमेकींना जोडलेल्या असतात, अगदी नेटवर्कसारख्या. भार पडला की हाड किंचित वाकतं, आतल्या सूक्ष्म नळ्यांतलं पाणी हलतं, आणि ऑस्टिओसाइटना ते जाणवतं. तुमच्या फोनमधला सेन्सर फोन आडवा झाला हे ओळखतो, तसंच काहीसं. मग त्या निरोप पाठवतात, इथे बांधा किंवा इथलं काढा.

निरोप थांबला तर काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अंतराळवीर. तिथे वजनच जाणवत नाही. अंतराळ स्थानकात राहणाऱ्यांच्या कंबरेच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते दीड टक्का कमी होते, म्हणूनच त्यांना रोज व्यायाम सक्तीचा असतो.

दाढेबाबतही तेच. चावताना दाढेच्या मुळातून जबड्याच्या हाडाला रोज हजारो धक्के मिळतात. दाढ काढली की धक्के थांबतात. हाडाच्या दृष्टीने ते अ‍ॅप बंद पडलेलं असतं.

वरच्या जबड्याची खास अडचण

वरच्या जबड्यात मागच्या बाजूला अजून एक भानगड आहे. गालाच्या हाडात, वरच्या दाढांच्या अगदी डोक्यावर, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १२ ते १५ मिलिलिटर हवा मावते. लिओनार्दो द विंचीने १४८९ मध्येच कवटीच्या चित्रात ही पोकळी काढली होती. १६५१ मध्ये इंग्लंडच्या नथानिएल हायमोरने तिचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून तिला आजही हायमोरची पोकळी म्हणतात. आतून तिला एक नाजूक पडदा असतो, बऱ्याचदा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ.

दाढ गेल्यावर इथे दोन्ही बाजूंनी हाड कमी होतं. खालून हिरडीकडचं हाड झिजतं आणि वरून सायनसची पोकळी खाली पसरत येते. म्हणून वर्षं गेली की मधे एखाद्या पापडासारखी पातळ पट्टी उरते. माझ्या मामांची ३ मिलिमीटरची पट्टी म्हणजे हीच. इम्प्लांटचा स्क्रू साधारणपणे ८ ते १० मिलिमीटर लांबीचा. तो बसणार कुठे?

यावर उपाय म्हणजे सायनस लिफ्ट. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या हिल्ट टॅटम यांनी ही पद्धत सुरू केली आणि १९८० साली फिलिप बॉइन आणि जेम्स यांनी ती छापील स्वरूपात मांडली. गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी करतात, आतला पडदा न फाडता हळूच वर उचलतात, आणि खाली तयार झालेल्या जागेत हाडाचा भराव टाकतात. शिल्लक हाड बऱ्यापैकी असेल तर हिरडीकडूनच छोट्या छिद्रातून पडदा उचलता येतो. ही सौम्य पद्धत रॉबर्ट समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली.

भराव बसू द्यावा लागतो

आमच्या भागात काळ्या मातीत घर बांधताना जोत्यात मुरूम भरतात. पाणी मारतात, धुम्मस करतात, आणि जुनी माणसं सांगतात की एक पावसाळा जाऊ दे, मग फरशी बसव. घाई केली तर भराव खचतो आणि फरशी तडकते. सायनसमधल्या भरावाचंही तसंच आहे, फक्त इथे मुरुमाचं हळूहळू जिवंत हाड व्हायचं असतं.

भराव टाकल्या दिवशी तो तुमचं हाड नसतो. ती एक मचाण असते. आजूबाजूच्या जुन्या हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, मागोमाग गवंडी पेशी येतात, दाण्यांच्या आजूबाजूला नवं हाड बांधतात. दुसरीकडून पाडकाम करणाऱ्या पेशी भराव कुरतडत असतात. शिवाय प्रत्येक श्वासाबरोबर सायनसमधला हवेचा दाब पडद्याला खाली ढकलत असतो. म्हणून सगळ्याच भरावांची उंची पहिल्या वर्षात थोडी कमी होते. नंतर बहुतेकदा ती स्थिरावते.

किती आकसेल हे बऱ्याच अंशी सामानावर अवलंबून असतं. पेशंटचंच हाड कंबरेतून किंवा हनुवटीतून काढून वापरलं तर त्यात जिवंत पेशी असतात, नवं हाड लवकर येतं, पण भराव जास्त आणि लवकर आकसतो. जनावराच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेले दाणे फार हळू विरघळतात, त्यामुळे आकार टिकतो. कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे दाणेही असतात. अनेक डॉक्टर दोन प्रकार मिसळून वापरतात, म्हणजे एकाचा वेग आणि दुसऱ्याचा टिकाऊपणा मिळतो.

इथे आपल्या घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बाजारात फार वापरले जाणारे दाणे गायवर्गीय जनावराच्या हाडापासून बनतात, आणि वरून लावायचे काही पडदे डुकरापासून. श्रद्धेमुळे किंवा इतर कारणाने कोणाला ते नको असेल, तर पर्याय आहेत. पण ते ऑपरेशनच्या आधी विचारावं लागतं. माझ्या मामांना हे कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. विचारल्यावर मात्र डॉक्टरांनी नीट समजावलं आणि कृत्रिम दाण्यांचा पर्याय दिला.

आता वोल्फकडे परत येऊ. वर्षांनंतरच्या स्कॅनमध्ये वारंवार दिसलेली एक गोष्ट अशी की सायनसमधल्या हाडाची वरची पातळी इम्प्लांटच्या टोकाच्या आसपास येऊन थांबते. टोकाच्या खूप वर भरलेल्या भरावाला चावण्याचा भार पोहोचत नाही, म्हणून तो हळूहळू जातो. इम्प्लांटच्या भोवतीच्या भरावाला काम मिळतं, म्हणून तो राहतो. १८९२ सालच्या नियमाचं याहून सरळ उदाहरण कुठे मिळणार? म्हणजे नुसतं हाड भरून इम्प्लांट वर्षानुवर्षं न बसवणं हेही चुकीचं. लवकर भार देणं धोक्याचं, आणि कधीच भार न देणंही धोक्याचं.

मग भार द्यायची वेळ आली हे कळतं कसं?

हा भाग आपल्यासारख्या टेक्नॉलॉजीवेड्यांसाठी. पूर्वी डॉक्टर इम्प्लांटवर टकटक करून आवाजावरून अंदाज घ्यायचे. आता इम्प्लांटला एक छोटी चुंबकीय खुंटी लावतात आणि एक पेनसारखं यंत्र जवळ धरतात. यंत्र चुंबकाला हलका धक्का देतं आणि ती खुंटी किती वेगाने थरथरते ते मोजतं. काचेच्या ग्लासवर चमचा वाजवला तर घट्ट बसलेला ग्लास वेगळा वाजतो, हलणारा वेगळा, तसंच. उत्तर १ ते १०० मध्ये मिळतं, त्याला आयएसक्यू म्हणतात. ७० च्या वर असेल तर पकड चांगली समजतात, ६० च्या खाली असेल तर थांबायला सांगतात. एका आकड्यापेक्षा तो काही आठवड्यांत वाढतोय की घसरतोय, हे जास्त बोलकं असतं.

साधारण पद्धत अशी आहे. शिल्लक हाड ५ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल, तर हाड भरणं आणि इम्प्लांट बसवणं एकाच वेळी करता येतं. त्याहून कमी असेल तर आधी भराव, मग साधारण ४ ते ९ महिने वाट, मग इम्प्लांट, आणि पुन्हा काही महिन्यांनी दात. शेवटचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

मग काही दिवसांत दात देणारी जाहिरात खोटी असते का? सरसकट तसं म्हणता येणार नाही. भराव टाळून गालाच्या किंवा इतर कठीण हाडात लांब इम्प्लांट अडकवण्याच्या पद्धती आहेत, आणि योग्य पेशंटमध्ये त्यावर लवकर दात बसवतात. पण ते वेगळं ऑपरेशन आहे, त्याचे धोके वेगळे आहेत आणि त्याला वेगळं कौशल्य लागतं. ताज्या भरावावर लगेच पूर्ण चावायचा दात, असं कोणी सांगत असेल तर मात्र प्रश्न विचारा.

विचारायचे पाच प्रश्न

घरात कोणाचं हे ऑपरेशन ठरत असेल तर हे पाच प्रश्न फोनच्या नोट्समध्ये टाकून ठेवा.

१. सीबीसीटी स्कॅनमध्ये किती मिलिमीटर हाड शिल्लक दिसतं?
२. भराव कशाचा आहे आणि तो कोणत्या प्राण्यापासून बनलाय का?
३. इम्प्लांट आत्ताच बसवणार की नंतर, आणि का?
४. ऑपरेशनमध्ये पडदा फाटला तर पुढे काय करणार? ही या ऑपरेशनमधली सर्वांत जास्त आढळणारी अडचण आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.
५. दात बसवण्याआधी पकड कशी मोजणार?

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, दाबायची नाही. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा बंद. शुगर असेल तर ती ताब्यात हवी. या सगळ्यामागे कारण एकच, भरावाला शांतता आणि रक्तपुरवठा मिळाला पाहिजे. सूज वाढली, ताप आला, किंवा नाकातून रक्त, पू किंवा दाणे आले तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

मामांनी काय ठरवलं

मामांना मी हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं. अंतराळवीरांचं त्यांना फारसं पटलं नाही, पण मुरुमाचं लगेच पटलं. त्यांनी थांबायचा रस्ता निवडला. भराव टाकून आता चौथा महिना चालू आहे. दात बसायला अजून वेळ आहे, आणि तोवर ते डाव्या बाजूनेच भाकरी खातायत. पुढचा स्कॅन काय सांगेल ते तेव्हाच कळेल. पण आपण कशासाठी थांबलोय हे त्यांना माहीत आहे, आणि जाहिरात आली तर ते आता स्वतःच मिलिमीटर विचारतात.

आजच्यासारखे दातांचे इम्प्लांट वोल्फच्या काळात नव्हते. टायटॅनियमचे आजच्यासारखे इम्प्लांट माणसात बसवायला सुरुवात झाली ती १९६५ मध्ये, स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांच्या हातून, म्हणजे वोल्फ गेल्यावर ६३ वर्षांनी. तरीही त्यांच्या यशामागे आणि अपयशामागे त्याचाच नियम काम करतो. एक्स-रे नाही, स्कॅन नाही, कॉम्प्युटर नाही. हाताशी फक्त करवत, हाडाचे काप आणि बावीस वर्षांचा धीर.

तुमच्या घरात कोणी दाढ काढून जागा तशीच सोडली असेल, तर त्यांना हा लेख पाठवा. जागा रिकामी राहिली की खालचं हाड दर महिन्याला थोडं थोडं जातं, आणि ते परत आणायला पैसेही लागतात आणि महिनेही. आधी डेंटिस्टला एकदा दाखवलेलं कधीही स्वस्त पडतं.